अबोल मुलांना छोटं कॉलेज सोपं जातं, हे कुणी सांगितलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात तुमच्या शिक्षण पुरवणीत अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजांवर (म्हणजे कला-विज्ञान सगळे विषय शिकवणारी, मुख्यतः पदवीपर्यंतची छोटी कॉलेजं) लेख आला होता, तो आधी आमच्या आईने वाचला, मग त्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर गेला, आणि मग काय, मावश्या, बाबांच्या ऑफिसातले एक काका, सगळ्यांचे मला फोन. सगळ्यांचा प्रश्न एकच, की आमचं पोरगं जरा अबोल आहे, गर्दीत बुजतं, तर मग हे दीड-दोन हजार पोरांचं कॉलेजच बरं ना त्याला? कारण लेखात तसंच लिहिलं होतं, लाजाळू मुलांना छोटं कॉलेज उत्तम, घरच्यासारखं वातावरण असतं म्हणून. बाकीची माहिती चांगलीय, फी, स्कॉलरशिप, कुठला फॉर्म कधी भरायचा वगैरे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हे एक वाक्य वाचून पालक पोरांना तिकडं धाडणार असतील तर मला थोडं बोलायचंय. मी सांगलीची, ओहायो राज्यातल्या अशाच एका छोट्या कॉलेजातून बीए करून आलेय, आता पुण्यात नोकरी करते. कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण मुद्दा त्या एका कॉलेजचा नाहीये, तिकडं अशी कॉलेजं ढिगाने आहेत आणि थोड्याफार फरकाने सगळीकडं प्रकार तोच.

आधी छोटं म्हणजे किती छोटं ते सांगते, कारण आपल्याकडं हा अंदाजच येत नाही. विल्यम्स हे एवढं नावाजलेलं कॉलेज, १७९३ सालचं, तिथं सगळे मिळून साधारण दोन हजार विद्यार्थी. आयोवातल्या ग्रिनेलला सतराशेच्या आसपास. मेन राज्यात कॉलेज ऑफ द अटलांटिक नावाचं कॉलेज आहे तिथं तर सगळे मिळून साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या अकरावी सायन्सच्या तीन-चार तुकड्या झाल्या. आणि ही कॉलेजं बऱ्याचदा अशा गावांत असतात जिथं मेन रोडवर एक बँक, एक पिझ्झावाला, एक पोस्ट ऑफिस आणि मग मक्याची शेतं. चारही वर्षं बहुतेक सगळ्यांनी कॅम्पसवरच राहायचं असा नियम बऱ्याच ठिकाणी आहे. एमए-पीएचडीवाले नाहीत, पार्ट टाइमवाले फारसे नाहीत, सगळे अठरा ते बावीस वयाचे, तीच तोंडं, सकाळ संध्याकाळ.

आता विचार करा, आपल्याकडं पोरीला एका वेळी तीन-चार जगं असतात. कॉलेजातल्या मैत्रिणी वेगळ्या, क्लासच्या वेगळ्या, बिल्डिंगमधल्या वेगळ्या, परत आत्येबहिणी-मावसभाऊ आहेतच. कॉलेजात बिनसलं तर संध्याकाळी घरी येऊन दार लावता येतं. तिकडं दार लावलं तरी आत रूममेट असते. सकाळी दहाच्या तासाला जिचा मुद्दा तुम्ही खोडून काढला तीच रात्री अकराला शेजारच्या बेसिनवर दात घासत उभी असते, आणि ज्याच्याशी ब्रेकअप झालं तो पुढची तीन वर्षं रोज दुपारी सॅलडच्या लायनीत तुमच्या पुढं. ह्याला घरच्यासारखं वातावरण म्हणायचं तर म्हणा, घरात पण असंच असतं म्हणा!

त्याउलट कोलंबसची ओहायो स्टेट युनिव्हर्सिटी बघा, साठ हजारांच्या आसपास विद्यार्थी. तिथं अबोल पोरगा तीनशे जणांच्या लेक्चर हॉलमध्ये मागच्या रांगेत बसून सुखात राहू शकतो, शोधली तर मराठी पोरंही सापडतील, एक ग्रुप नाही जमला तर दुसरा, दुसरा नाही तर तिसरा, कुणाला पत्ताही लागत नाही. छोट्या कॉलेजात लपता येत नाही. वर्गात बारा-पंधरा जण, टेबलाभोवती गोल बसलेले, आणि वर्गात बोलण्याला मार्क असतात, म्हणजे गप्प बसलं की ग्रेड खाली. प्रोफेसर ऑफिसात बोलावून प्रेमानेच विचारतात, बरं चाललंय ना, काही अडचण आहे का. हे चांगलंही आहे, खोटं कशाला बोलू, मोठ्या युनिव्हर्सिटीत दोन आठवडे वर्गात गेलं नाही तरी कुणी विचारत नाही. पण ज्याला मुळात कुणी आपल्याकडं बघितलं की घाम फुटतो त्याला हे "सोपं" कसं जाईल ते मला लेख लिहिणाऱ्यांनी समजावून सांगावं.

खरी गंमत पहिल्या पाच-सहा आठवड्यांत असते. एसटी फलाटाला लागायच्या आधीच खिडकीतून रुमाल टाकतात ना, तसं तिकडं ओरिएंटेशनमध्ये जो तो रुमाल टाकत असतो, ह्या टेबलवर आपण, त्या लाउंजमध्ये आपण. आणि काही जण तर डेपोतूनच बसून आलेले असतात! अमेरिकन फुटबॉल, सॉकर (म्हणजे आपला फुटबॉल), व्हॉलीबॉल, क्रॉस कंट्री ह्या टीम्स ऑगस्टमध्ये बाकीच्यांच्या आधी कॅम्पसवर येतात प्रॅक्टिसला, म्हणजे वर्ग सुरू व्हायच्या आत त्यांचं पंचवीस-तीस जणांचं टेबल तयार. आता मोठ्या युनिव्हर्सिटीत खेळाडू म्हणजे हजारांत मूठभर, पण विल्यम्स, ॲमहर्स्ट असल्या ठिकाणी साधारण तीनातला एक जण कॉलेजच्या कुठल्यातरी टीममध्ये असतो. हे आपल्या डोक्यातच नसतं. आपल्याला वाटतं लिबरल आर्ट्स म्हणजे सगळे कविता वाचत झाडाखाली बसलेले असतील, आणि जाऊन बघावं तर डायनिंग हॉलमधला अर्धा भाग ट्रॅकसूटवाल्यांचा.

दुसरे आधीच ओळखी घेऊन आलेले म्हणजे यूडब्ल्यूसीची, म्हणजे युनायटेड वर्ल्ड कॉलेजची पोरं. आपल्याकडं मुळशीजवळ १९९७ पासून महिंद्रा यूडब्ल्यूसी आहे, पुण्याच्या वाचकांना माहीत असेल, तशी शाळा-कॉलेजं जगभर आहेत आणि तिथून पास झालेल्यांना डेव्हिस नावाची एक मोठी स्कॉलरशिप मिळते. ती २००० साली पाच कॉलेजांपासून सुरू झाली, त्यात कोल्बी, मिडलबरी, वेलस्ली होती आणि ते मगाशी सांगितलेलं कॉलेज ऑफ द अटलांटिक पण, आता खूप ठिकाणी चालते. ही पोरं दोन वर्षं आधीच घराबाहेर राहून आलेली, रूममेटशी कसं बोलायचं, कुणाला किती सांगायचं सगळं पाठ. त्यांच्या शेजारी सांगली-साताऱ्याकडून थेट बारावी करून आलेलं पोरगं उभं केलं तर ते बुजणारच की. त्यात त्याच्या स्वभावाचा काही दोष नाही हे आधी घरच्यांनी समजून घ्यावं.

इंटरनॅशनल विद्यार्थ्यांना पण कॉलेज काही दिवस आधी बोलावतं, बँकेचं खातं, सिमकार्ड, व्हिसाचे नियम, थंडीचे कपडे कुठून घ्यायचे, ह्यासाठी. तिथं नेपाळची, व्हिएतनामची, घानाची पोरं भेटतात आणि पहिले मित्र तिथेच होतात. पुढं ह्याच लोकांचं एक टेबल पडतं डायनिंग हॉलमध्ये आणि मग सल्ले देणारे म्हणतात की त्या टेबलवर बसू नका, अमेरिकन लोकांत मिसळा. मला हा सल्ला कधीच पटला नाही. अहो त्या टेबलवर बसून पोटभर जेवता येतं, हसता येतं, तुमचं इंग्लिश कुणी मोजत नाही, ते सोडून उगीच अनोळखी टेबलवर ट्रे घेऊन उभं राहायचं कशाला? फक्त रोज तीनही वेळा तिथेच बसलात तर चार वर्षांनी तेवढेच लोक ओळखीचे राहतात, एवढंच. सकाळचा नाष्टा दुसरीकडं करावा, नाष्ट्याला तसंही सगळे पेंगत असतात, फार बोलावं लागत नाही.

आता ह्याच्यावर उपाय काय, तर मला विचाराल तर काम. म्हणजे अक्षरशः कॅम्पसवर नोकरी. विद्यार्थी व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत कॅम्पसवर काम करता येतं, सगळ्यांना माहिती असतं, पण आपल्याकडं त्याच्याकडं फक्त खर्चाला हातभार म्हणून बघतात. शिवाय लायब्ररीत काम मिळालं तर भारी, आणि किचनमध्ये मिळालं तर घरी सांगायचं नाही असंही असतं. मी डिशरूममध्ये होते. आईला बरेच दिवस फक्त "डायनिंग सर्व्हिसेस" सांगितलेलं.

डिशरूम कशी असते ते सांगते. जेवण झालं की पोरं ट्रे एका सरकत्या पट्ट्यावर ठेवतात, तो पट्टा भिंतीतल्या खिडकीतून आत येतो, आत आपण प्लास्टिकचा ॲप्रन घालून उभे. एकाने उष्टं खरवडायचं, एकाने काटे-चमचे वेगळे काढायचे, एकाने ताटं जाळीच्या रॅकमध्ये उभी लावून मशीनमध्ये ढकलायची, आणि पलीकडच्या टोकाला एकजण ती गरम गरम ताटं उचलून रचतो, बोटं भाजतात सुरुवातीला. वाफेने चष्मा धुकटतो. सव्वासहा ते सात ही वेळ म्हणजे नुसता मारा असतो, पट्टा थांबवता येत नाही, थांबवला तर बाहेर पोरं ट्रे घेऊन तुंबतात आणि आमच्या सुपरवायझर बाई, गावातल्याच, वीस-पंचवीस वर्षं तिथं काम केलेल्या, त्या आतून ओरडतात. अशा वेळी "तू कुठून आलीस, मेजर काय, फावल्या वेळात काय करतेस" असलं काही कुणी विचारत नाही, "चमचे!" एवढंच. आणि हेच तर अबोल माणसाला पाहिजे असतं! हात चालू असले की बोलायचं दडपण जातं, मग अधूनमधून एखादं वाक्य आपोआप येतं.

माझ्या शेजारी रॅक लावायला एक फुटबॉलवाला होता, सहा फुटांच्या वर, मानेएवढे दंड. आता तुम्ही म्हणाल फुटबॉल टीमचा पोरगा भांडी कशाला घासेल, तर ही कॉलेजं बहुतेक डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे तिकडच्या कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटात खेळतात आणि तिथं खेळाची म्हणून स्कॉलरशिप द्यायची परवानगीच नाही, त्यामुळं ज्यांच्या घरी पैसा नाही ते खेळाडू पण आपल्यासारखेच कॅम्पसवर काम करतात. ह्याच्या घरची शेती होती, मका आणि सोयाबीन. एकदा कशावरून तरी मी म्हटलं आमच्याकडं पण काका सोयाबीन करतात, तर हा रॅक खाली ठेवून माझ्याकडं बघायलाच लागला. मग रोज तेच, तुमच्याकडं पेरणी कधी, पाऊस कधी, भाव काय मिळतो, काढणीला मशीन का माणसं. त्याला एकरी उतारा सांगायला मला काकांना फोन करावा लागला, काका खूश, शिकायला पाठवलेली पुतणी पहिल्यांदाच कामाचं काहीतरी विचारतेय म्हणून. त्या एका ओळखीतून त्या ट्रॅकसूटच्या टेबलवर माझं जाणं-येणं सुरू झालं, ओरिएंटेशनच्या कुठल्याही खेळातून झालं नव्हतं ते. ते खेळ म्हणजे काय, तर गोलात बसून स्वतःबद्दल दोन खऱ्या गोष्टी आणि एक खोटी सांगायची. अबोल पोराला ह्याच्यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

जुन्या-जाणत्या कॉलेजांना हे बरोबर कळलेलं असतं असं मला वाटतं, की माणसं जोडायची तर आधी त्यांच्या हाताला काहीतरी द्या. मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात डेसी मोझेस नावाच्या बाई होत्या, कॉलेजात नोकरीला, त्यांच्या घरी पोरांचा कायम राबता. १९८१ मध्ये त्या गेल्या आणि घर कॉलेजला देऊन गेल्या. आजही कुणीही विद्यार्थी जाऊन तिथं कुकीज बनवू शकतो, पीठ-साखर कॉलेजचं, फक्त केलेल्या कुकीज येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ठेवायच्या. ओबर्लिनला तर १९५० पासून विद्यार्थ्यांचे स्वतःचे को-ऑप आहेत, पोरं आळीपाळीने सगळ्यांचा स्वयंपाक करतात, भांडी घासतात, हिशोब ठेवतात. ज्याला पन्नास-साठ जणांची डाळ शिजवता येते त्याला तिथं ओळख करून घ्यायला जावं लागत नाही, लोकच विचारत येतात आज काय आहे म्हणून. आपली पोरं ह्यात खरं तर पुढं असायला पाहिजेत, पण बारावीपर्यंत आपण त्यांना गॅस पेटवू देत नाही, अभ्यास कर म्हणतो.

आता एक नाजूक विषय. पालकांना वाटतं आपली भारतीय पोरं असतीलच की तिथं, ती घेतील सांभाळून. असतात, पण किती आणि कोण? छोट्या कॉलेजात भारतीय म्हणजे वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि त्यातले बरेचसे मुंबई-दिल्ली-बंगलोरच्या इंटरनॅशनल शाळांतले, आयबी बोर्डवाले, ज्यांचे सुट्टीतले फोटो स्वित्झर्लंडचे. मला आधी वाटायचं गोऱ्यांत मिसळायला जड जाईल, प्रत्यक्षात त्या सोयाबीनवाल्याशी बोलणं मला सोपं गेलं आणि दक्षिण मुंबईच्या मुलीशी बोलताना शब्द शोधावे लागले. सांगली कुठं आली, गोव्याजवळ का, असं तिने विचारलं होतं. तिचीही चूक नाही म्हणा, मी पण कफ परेड पाहिलेलं नव्हतं. दिवाळीला मात्र सगळे एक, भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका मिळून एकच साउथ एशियन क्लब, एकाच हॉलमध्ये दिवे आणि बाहेरून मागवलेलं पनीर.

आणि ह्याच क्लबात एखादा जण हळूच आडनाव विचारतो. नाव सांगितलं की "पूर्ण नाव?" मग गाव, मग जेवणात काय चालतं. आपल्या मराठी लोकांना हा प्रश्न कशासाठी असतो ते सांगायला नको. मोठ्या शहरात असल्या माणसाला टाळता येतं, दोन हजारांच्या कॅम्पसवर तोच क्लबचा खजिनदार असतो आणि तोच तुमच्या शेजारच्या खोलीत. हे तिकडच्या लोकांच्याही लक्षात यायला लागलंय, मेनमधल्या कोल्बी कॉलेजने, तेही दोन हजारांच्या आसपासचंच, २०२१ मध्ये भेदभावविरोधी नियमांत जातीचा उल्लेख घातला. तुमच्या लेखात ह्याचं अवाक्षर नाही, पुढच्या वेळी लिहा, कारण हे ज्यांना लागतं ती पोरं घरी फोनवर सांगत नाहीत.

बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले, कोलंबिया काही छोटं कॉलेज नव्हे, पण त्यांचंही सुरुवातीचं वसतिगृह लगेच बदललं, तिथलं जेवण जाईना म्हणून. पुढं लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना नावाच्या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहिले आणि ती मैत्री आयुष्यभर टिकली. मला हे कॉलेजात असताना कुणी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं, की एवढ्या मोठ्या माणसाला पण खोली बदलावी लागली होती. आपल्याकडं पोरगं रूममेट बदलायचं म्हणालं की लगेच "ॲडजस्ट कर" सुरू होतं.

दारूचं विचारतात सगळे, पण थेट नाही, "तिकडं वातावरण कसं असतं" असं विचारतात. तर एकवीसच्या आत पिणं कायद्याने बंद आहे आणि शनिवारी रात्री पितात. पण न पिणारे पण भरपूर असतात, बऱ्याच कॉलेजांत त्यांच्यासाठी वेगळा मजला असतो, तिथं आणणंच बंद, फॉर्म भरतानाच तो पर्याय टिक करता येतो, रात्री तिथं बोर्ड गेम्स आणि पॉपकॉर्न चालू असतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फ्रॅटर्निटी-सोरॉरिटी (मुलांचे आणि मुलींचे, निवडून सभासद घेणारे खासगी क्लब) आहेत का ते बघा. विल्यम्सने त्या १९६२ पासून मोडीत काढायला घेतल्या, स्वार्थमोरला २०१९ मध्ये उरलेल्या दोन फ्रॅटर्निटी बंद झाल्या, ग्रिनेलला नाहीतच. पण डेनिसन, डीपॉ अशा ठिकाणी आहेत, आणि गाव एवढंसं असलं की सगळ्या पार्ट्या त्यांच्याच हातात जाऊ शकतात, मग ज्याला तिथं बोलावणं नाही त्याने शनिवारी काय करायचं? रँकिंगच्या यादीत हे कुठंच येत नाही.

अजून एक गोष्ट जी आधी कुणी सांगत नाही, रूम ड्रॉ. दुसऱ्या सेमिस्टरला, साधारण एप्रिलमध्ये, पुढच्या वर्षीच्या खोल्यांसाठी लॉटरी निघते आणि त्याआधी कोण कुणाबरोबर राहणार हे पोरांनी आपापसात ठरवायचं असतं. चौघांचा फ्लॅट असतो आणि ग्रुपमध्ये पाच जण असतात, ह्याचं गणित तुम्हीच करा. त्या दोन आठवड्यांत जेवढी रडारड होते तेवढी फायनल परीक्षेला होत नाही. अबोल पोरगं इथं हमखास मागं पडतं कारण ते वाट बघत बसतं कुणी विचारेल म्हणून. त्याला फेब्रुवारीतच सांगून ठेवा, तू विचार. नाही म्हणाले तर सिंगल रूमला अर्ज कर, सिंगल मिळणं म्हणजे काही पाप नाही. आणि तिसऱ्या वर्षी परत सगळं उलटंपालटं होतं कारण कित्येक जण सेमिस्टरभर परदेशी शिकायला जातात, कोणी स्पेनला, कोणी जपानला, तुमचं टेबल रिकामं. तेव्हा पहिल्या सहा आठवड्यांत ज्यांचा रुमाल टाकायचा राहिला त्यांनी जीव जाळू नये, पहिल्या वर्षीचे ग्रुप तिसऱ्या वर्षी फारसे उरतच नाहीत. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण मला तिसऱ्या वर्षी मिळाली, नाटकाच्या सेटला रंग मारताना, तोपर्यंत आम्ही एकाच मजल्यावर राहून एकमेकींना फक्त मान हलवायचो.

आता पालकांसाठी, जरा कडू लागेल. तुमचा सकाळचा साडेसहाचा चहा म्हणजे ओहायोत आदल्या रात्रीचे नऊ, हिवाळ्यात आठ. तुम्ही निवांत असता म्हणून तेव्हा व्हिडिओ कॉल लावता, आणि नेमकी तीच वेळ असते जेव्हा सगळी पोरं लाउंजमध्ये, लायब्ररीच्या पायऱ्यांवर, कुणाच्यातरी खोलीत जमलेली असतात, क्लबांच्या मीटिंगा पण तेव्हाच. तुमचं पोरगं खोलीत बसून आजी, काकू, शेजारच्या वहिनी सगळ्यांना हाय करतंय, आणि मग तुम्हीच विचारता, मित्र झाले की नाही अजून? त्यापेक्षा तुमच्या रात्री नऊला करा, तिकडं सकाळचे साडेदहा-साडेअकरा असतात, दोन तासांच्या मध्ये दहा मिनिटं मिळतात, पुरतात. आमच्या आईला हे पटायला बराच वेळ लागला, तिचं म्हणणं रात्री नऊला सिरीयल असते.

काहींना नाहीच जमत, हेही लिहायला पाहिजे. सगळं करूनही. नोव्हेंबर-डिसेंबरात पाचला अंधार पडतो, बाहेर बर्फ, गावात जायला जागा नाही, आणि पोरगं आतून मिटत जातं. कॉलेजांत काउन्सेलर असतात, बहुतेक ठिकाणी फुकट असतात, जायला लाजू नये. एक-दोन वर्षांनी ट्रान्सफर घेऊन मोठ्या युनिव्हर्सिटीत जाणारे पण असतात आणि तिथं ते चांगले रमतात, माझ्याच वर्गातला पुण्याचा एक मुलगा गेला, आता मजेत आहे. नातेवाइकांत मात्र त्याचं "अमेरिकेत जमलं नाही त्याला" असं झालं. कुणाला जमलं नाही? त्याला बरोबर कळलं की आपल्याला गर्दी लागते.

तर संपादक साहेब, पुढच्या लेखात फी आणि स्कॉलरशिपच्या चौकटीशेजारी थोडी जागा ह्याला पण द्या. नोव्हेंबरच्या एक तारखेपासून अर्ली डिसिजनच्या अर्जांच्या मुदती संपायला लागतात आणि तो अर्ज म्हणजे करार असतो, ॲडमिशन मिळाली की तिथंच जायचं, बाकीचे अर्ज मागं घ्यायचे, फक्त स्कॉलरशिप पुरेशी नाही मिळाली तर सुटका आहे. म्हणजे पालकांनी चौकशी करायची ती त्याच्या आधी. कॉलेजच्या वेबसाइटवरचे हिरवळीवर बसलेले हसरे फोटो बघून काही कळत नाही, तिथं आत्ता शिकणाऱ्या एखाद्या भारतीय नाहीतर नेपाळी पोराशी बोला, ॲडमिशन ऑफिसला ईमेल केला की जोडून देतात. त्याला विचारा हिवाळ्याच्या सुट्टीत हॉस्टेल उघडं असतं का आणि तेव्हा जेवायचं कुठं, वीकेंडला शहरात जायला कॉलेजची गाडी आहे का, किती जण टीममध्ये आहेत, किती जण फ्रॅटर्निटीत, गेल्या शनिवारी रात्री तू स्वतः काय केलंस. आणि हे फोन पोरालाच करू द्या, तुम्ही शेजारी बसू नका.

आपली वाचक,
मूळची सांगलीची, सध्या पुणे
(नाव-पत्ता सोबत दिलाय, छापू नये ही विनंती.)